रावयासाठी बैलाचं काळीज

कैरो

उम्म रावया, माझ्या रावयाच्या आई,

तुझ्यावर अल्लाहची छाया राहो. मी बरा आहे.

बाळंतपणात गेलेलं रावयाचं रक्त भरून आलं का? बर्फात बैलाचं काळीज पाठवलंय. त्यात लोह भरपूर असतं. तिला थोडं थोडं परतून दे.

आमच्या कत्तलखान्यात दोराने बैल पाडणाऱ्याचा काळजावर हक्क असतो. काल दोर तुटला आणि बैलाने माझ्या जोडीदाराचं, शहाताचं, पोट फाडलं. तो जागीच गेला. बैल शेवटी मीच पाडला.

मुकादम सुरा घेऊन आला आणि मला टोमणा मारत म्हणाला, "शेखसाहेब, दोर तुटला तसा हक्कही तुटला. टाक काळीज!"

"लेकीसाठी आहे," म्हणालो आणि सोडलं नाही.

त्याच्या सुऱ्याने माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. पट्टी बांधलीय.

रावयाने वासाला नाक मुरडलं तर रागव, पण बोटांचं सांगू नकोस. तिला घास गिळवणार नाही.

तुझा,
अबू रावया