माझ्या थुंकीची तपासणी

ती. ताईस, तुझ्या लाडक्या (आणि सातवीतून पळालेल्या) भावाचा वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा काय म्हणतो? आईचा खोकला? तू पाहिलेली मुलगी चांगली आहे, मी होकार कळवला की तू त्यांना शब्द देणार, असं लिहिलंस. त्याचं खाली लिहितो. आधी माझ्यावर काय बेतलं ते ऐक.

मी हॉस्पिटलच्या तळघरात, लाँड्रीत असतो हे तुला ठाऊकच आहे. (आई शेजारणींना 'हॉस्पिटलात मोठा आहे' सांगते; सांगू दे.) वरच्या मजल्यावर काही डॉक्टर, ताण आला की माणसाचं शरीर काय करतं ते तपासतात. बाई घाबरली की आत काय होतं, पुरुषाचं काय, ज्या पुरुषाचा जीव पुरुषावरच जडतो त्याचं काय, आणि घरी सांगितलेल्याचं नि लपवलेल्याचं वेगळं असतं का, असं सगळं त्यांना शोधायचंय. त्यांना माणसं हवी होती, मला बसून करायचं काम हवं होतं. तू यातला कोण, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी सांगितलं. (काय सांगितलं तेही खाली येईल.) मग एका नळीत थुंकायला लावलं; ताण थुंकीत उतरतो म्हणे. आजवर मी इतका फुकट थुंकलो, इथं झाकण लावून दागिन्यासारखं कपाटात ठेवतात!

बोटाला चिमटा, चिमट्याची वायर यंत्राला, यंत्रावर नाडीची हिरवी रेघ. खोलीला खिडकी नाही. समोर पांढऱ्या कोटातले दोन साहेब. "यांना स्वतःबद्दल सांगा," म्हणून बाई दार ओढून गेल्या. मी बोलायला लागलो. ते हलेनात. विनोद सांगितला, तरी पापणी नाही. माझाच आवाज भिंतीला लागून जरा उशिरा परत यायचा, आणि तो माझा वाटेना. हे पुतळे तर नाहीत? एकाच्या कॉलरवर डाग दिसला (कोट आमच्याच हातचा, म्हणून राहवेना), वायर ओढत उठलो, कॉलर सरळ करताना त्याच्या कानाला बोट लागलं. बर्फ. "साहेब, जिवंत आहात ना?" ताई, मी चटकन मागे सरलो. पण रेघ पाहतो तर जेवून आडवी झालेल्या म्हशीसारखी निवांत.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. तुझा होता. घेतला नाही, पण रेघ अशी उसळली की छताला लागते की काय! मान आखडली, तळहात ओले झाले, आणि आपल्या मागे कुणीतरी उभं राहून आपलं चालणं-बोलणं पाहतंय असं वाटून मी वळलो. नुसती भिंत. फोन थांबला, ते मागचं मात्र गेलं नाही. आणि मग ते दोघे साहेब एकदम हसले. (मढं हसलं तर तू काय करशील? मी खुर्चीवर चढलो.) गप्प बसायचं त्यांना सांगूनच ठेवलेलं म्हणे.

बाईंनी आत येऊन, रेघ पाहून विचारलं, "फोन कुणाचा होता?"

"बहिणीचा."

"रागीट आहे?"

"छे हो, माझ्यावर जीव आहे तिचा."

त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. परत थुंकायला लावलं.

तेव्हापासून लाँड्रीत चादरी टांगल्या की त्यांच्यामागे ते उभं असतं. तू फोनवर मुलीचा विषय काढलास की पार खांद्यापर्यंत येतं. माझ्या भाड्याच्या खोलीतल्या सोबत्याला, बेकरीवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "येतंच आहे तर त्याला चहा विचार." असा माणूस आहे.

इकडचं एवढंच. दाजींना गुडघा शेकायला सांग.

तुझा, धाकटा

ता. क. मुलीकडच्यांना नकार कळव. खोट मुलीत नाही हे नीट सांग, तिच्यावर बोल येऊ देऊ नकोस.

ता. क. २. कारण विचारशीलच. बेकरीवाला नुसता खोलीतला सोबती नाही. माझा जीव त्याच्यावर आहे, आणि हे आता बदलायचं नाही. बाईंना एका दमात सांगितलं. तुला लिहिताना तोंडात नळीपुरती थुंकी नाही.

ता. क. ३. सुट्टीत आम्ही दोघे येतोय, आधी तुझ्याच दारात. तुला काय हाक मारायची म्हणून तो डोकं खातोय. मी 'ताई' सांगितलंय. नको असेल तर लवकर कळव, त्याच्या तोंडात बसत चाललंय.