मशीनला न सापडलेले धोंडप्पा

लातूर, सोमवार सकाळ

प्रिय सिंधु,

ताईचे भरभरून आशीर्वाद. तुझा रक्तदाब ताळ्यावर आहे आणि नरसिंगरावांनी तंबाखू सोडल्याची बातमी खरी आहे, असं धरून चालते. उदगीरला ऊन कसं आहे ते विचारत नाही, इथल्यासारखंच असणार. माझी प्रकृती उत्तम. संतापात असलं की माणूस ताठ चालतो.

तर, ते गेट. शेजारच्या नागप्पाने आमच्या सामाईक बोळाला दिवाळीत लोखंडी गेट बसवून कुलूप घातलं, आणि आता कोर्टात सांगतो की सात वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनीच त्याला परवानगी दिली होती. हे जाऊन तीन वर्षं झाली, म्हणून काहीही बोलावं! माझे वकील आप्पासाहेब म्हणाले, तुमच्या जुन्या मेसेजमध्ये साहेबांचा विरोध सापडला की गेट निघालंच समजा.

आप्पासाहेब नांदेडला दोन दिवसांचं शिबिर करून आलेत आणि हजारो मेसेजमधून हवा तो शब्द शोधून काढणारं सॉफ्टवेअर घेऊन आलेत. (त्यातून जे निघतं ते ते छापतात, सुईदोऱ्याने शिवतात आणि ई-फायलिंगसाठी पुन्हा उसवून स्कॅन करतात. विचारलं तर म्हणाले, ‘‘म्याडम, कागद हातात आल्याबिगर केस अंगात येत न्हाई.’’) माझा फोन त्यांनी तीन दिवस ठेवून घेतला, त्यात ह्यांचं नाव शोधलं, आणि पंधरा पक्षकार बसलेले असताना जाहीर केलं की अकरा वर्षांत मी नवऱ्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. ‘‘मशीन न्हाई म्हनायलंय, म्हंजे न्हाई!’’ बाकावर शेजारी बसलेली बाई लगेच हळूच म्हणाली, ‘‘फारकतीचं काम हाय का, ताई?’’

आता तूच सांग. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सनी मला राजाराण्यांचीही नावं बेधडक घ्यायला शिकवलं, मी स्वतः एकतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं; पण नवऱ्याचं नाव कधी लिहिलंय का आपण? (सासूबाईंना वाचता येत नव्हतं, तरी माझा हात धजला नाही.) शेवटी मान खाली घालून मी सांगितलं, ‘मंजुश्रीचे बाबा’ असं शोधा. चारशे बारा मेसेज निघाले.

त्यातले चारशे अकरा ह्यांच्या मधुमेहाचे, गुडघ्यांचे आणि पथ्य मोडल्याचे. आप्पासाहेबांनी सगळेच्या सगळे दाखल केले. ‘‘निवडून दिलं तर लपवलं म्हनतेत.’’ आणि दाखल केलेल्या कागदांची प्रत समोरच्यांना द्यावीच लागते. त्यामुळे नागप्पाची बायको साखराबाई आता रोज भिंतीवरून मान काढते. काल म्हणाली, ‘‘अवो म्याडम, सायबाला जिलबी देत नव्हता व्हय? आमच्याकडं येऊन पाव-पाव किलो खात होते की!’’ गेलेल्या माणसाशी भांडायची सोय कोर्टात नाही, हे फार वाईट आहे.

उरलेला एक मेसेज तुझा. ‘गेटबद्दल मंजुश्रीचे बाबा जे म्हणाले ते वाचून पोट धरून हसले,’ असं तू लिहिलंस. तू ज्यावर हसलीस तो माझा मूळ मेसेज मात्र मी रागाच्या भरात पुसलेला दिसतो. काळजी नको. हे गेटच्या ठाम विरोधात होते, मला ह्यांचा स्वभाव माहीत आहे, आणि केस आपण जिंकणार.

तुझी ताई,
नीला

ता. क. तू कधी काहीच पुसत नाहीस, शुभ सकाळची फुलंसुद्धा. तेव्हा तुझा फोन ताबडतोब पाठव. गुरुवारी तारीख आहे. एसटीने येणाऱ्या कुणाच्या हाती दिलास तर दुपारपर्यंत आप्पासाहेबांकडे पोचेल.

आणखी एक ता. क. पाठवण्याआधी तो मेसेज स्वतः एकदा वाच. अंधुक आठवतं की हे नागप्पाला म्हणाले होते, ‘‘लाव की गेट, हिला मी समजावतो,’’ आणि मी चार दिवस ह्यांच्याशी बोलले नव्हते. तसं निघालं तरी पुसू नकोस, मी मूल्यशिक्षणाचे तास घेतलेले आहेत. फोन पाठवायचाच. फक्त एसटीने नको, साध्या पोस्टाने पाठव.