शेपटीचा आकडा

एप्रिल १९८७, गुरुवार, तिन्हीसांज

वसंताचं पत्र आलं, नातीनं हौसेनं वाचून दाखवलं. नेव्हीतला माझा लेक ज्या अलिझे विमानात बसून पाणबुड्या हुडकतो, ते आता बोटीवरून उडायचं बंद होणार. थोड्याच फेऱ्या राहिल्या. पंचवीस वर्षांमागं फ्रान्सहून आणलेलं, एकाहत्तरची लढाई केलेलं खटारं ते. वसंता सुटला म्हणायचं. मग मला घोर कसला लागलाय?

तो आकडा. विमानाच्या शेपटीला आकडा असतो, उतरताना तो बोटीवरच्या तारेत अडकला तर ते थांबतं. नाही अडकला तर पुन्हा उडायचं. आणि उडता नाही आलं तर? ते लिहिलं नाही.

सकाळीच आंबे काढताना बांबूची आकडी देठावरून तीनदा सटकली. झाड तरी जागचं हलत नाही. बोट तर हलते.

नात म्हणाली, "आज बाबांना एकदाही मेला म्हटलं नाहीस गो आजी."

"तू आंब्यांवर पेंढा घाल जा," म्हटलं.

एरवी वसंताला उठताबसता म्हणते. आज तो शब्द तोंडाशी आला नि गिळला. शेवटच्या फेरीचा आकडा अडकल्याचं पत्र येऊ दे, मग पोटभर म्हणेन.