दुकान सोमवारी बंद

सोमवार, ५ फेब्रुवारी १९५१

आज हे घरी! दिवसभर!

कापडाच्या दुकानात यांना नऊ वर्षं झाली. आठवड्याची सुटी कधी माहीतच नव्हती. आता आमच्या गावालाही कायदा लागू झालाय— नोकरांना आठवड्यातून एक दिवस पगारी सुटी द्यायचीच. दाराला पाटी लागली : सोमवारी बंद.

यांना घरात कुठं बसावं कळेना. पाणीसुद्धा मला विचारून घेतलं, पाहुण्यासारखं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात एकच— दोन वर्षं आधी का नाही आला हा कायदा? माझी मैना घटसर्पानं तडफडत होती. घसा बंद होईपर्यंत 'बाबा, बाबा' करत होती. दुकानात निरोप धाडला. हे आले ते दिवेलागणीला. पोर गार झाली होती.

तेव्हापासून यांच्याशी कामापुरतंच बोलते.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

काल यांनी मोरीचा हललेला दगड बसवला. छान बसलाय. मी तसं म्हटलं नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

सकाळीच 'जरा जाऊन येतो' म्हणून गेले, ते संध्याकाळी आले. माझ्यासमोर बसवत नसेल. बसून तरी काय बोलणार!

सोमवार, १९ फेब्रुवारी

आजही तेच. जेवायलाही आले नाहीत.

दुपारी करंजा गावची हौसा कोळीण मासळी घेऊन आली. टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "बाय, सुटी हाय ना तुज्या घरवाल्याला? मंग दुकानाच्या मागल्या दारानं आत कशाला जातो?"



सोमवार, २६ फेब्रुवारी

आज मी गेले. पुढं कुलूप, पाटी. मागच्या बोळातलं दार वाजवलं. आत कंदील लावून हे आणि दुकानातले दुसरे नोकर तुळशीराम लग्नसराईचं कापड लावत होते. घामानं निथळत.

शेठ म्हणाले, "बाई, तुमचं इथं काय काम?"

"यांचं तरी आज काय काम? दारावर पाटी कशाला लावलीत मग?"

यांनी मान वर केली नाही. "चंद्रा, घरी जा."

घरी आले. सुटीचा कायदा बघणाऱ्या साहेबांना कार्ड लिहिलं, पेटीत टाकलंसुद्धा. नोकरी गेली तर जाऊ दे! पण यांच्या भित्रेपणाची चीड येते. मैनाच्या वेळीही असेच गप्प बसले असतील.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

दुपारी तुळशीराम येऊन गेले. दारातूनच बोलले.

"वहिनी, कमळाकरला बोलू नका. मैना गेली त्या दिवशी तीनदा रजा मागितली त्यानं. तिसऱ्यांदा शेठचे पाय धरले, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत. शेठ म्हणाले, गेलास तर परत येऊ नकोस."

दोन वर्षं! यांनी एका शब्दानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दारात बसून लिहिते आहे. हे अजून यायचेत.