चित्रातला घुमट

महदिया, मंगळवार

आदरणीय खमैसदादांना धाकट्या चुलतभावाचा सलाम. झोहरावहिनींचा गुडघा कसा आहे? काइरवानच्या उन्हात तुमची लिंबाची झाडं टिकली का? आम्ही सुखरूप आहोत, अल्हम्दुलिल्लाह. (म्हणजे हे लिहीपर्यंत तरी.) टॅक्सीवाला पत्रासोबत घोंगडीत गुंडाळलेली एक वस्तू देईल. पत्र संपेपर्यंत ती उघडू नका.

बसस्थानकाच्या तिकीटखिडकीतून निवृत्त झालो आणि माझे हात थरथरू लागले, हे तुम्ही ऐकलंच असेल. मी सलूहाच्या मसाल्याच्या बरण्या आधी उंचीप्रमाणे लावल्या, मग रंगाप्रमाणे. पुन्हा हात लावला तेव्हा तिने आपल्या भावाला, माझ्या मेहुण्याला मबरूकला, बोलावलं. "याला तुझ्या नावेत घाल," म्हणाली, "परत आणलाच पाहिजेस असं नाही." मी भाचीचे रंग घेऊन गेलो. मबरूक जाळं टाकून इंजिन बंद करायचा आणि मी समोरचा किनारा काढायचो. दीपगृह, किल्ल्याची भिंत, कबरस्तानातल्या पांढऱ्या कबरी, सीदी सालिमच्या दर्ग्याचा घुमट. पहिल्याच दिवशी हातांची थरथर थांबली. दादा, सकाळी कशासाठी उठायचं हे मला या वयात कळलं. (सलूहा विचारते, आजवर कशासाठी उठत होतास? मी रंग कालवत राहतो.)

त्यातलं सर्वांत जमलेलं चित्र मी बंदरावरच्या लमीनच्या कॅफेला भेट दिलं. आमचे कोळी तुम्हाला माहीत आहेत. ते लग्नात जेवून उठता उठता नवरीला नावं ठेवतात. तेच चित्रासमोर गप्प उभे राहू लागले. कोणी एक डोळा मिटून अंगठा समोर धरी. मला वाटलं, उशिरा का होईना, यांना जाण आली. एकाने अदबीने विचारलं, "हम्मादीकाका, घुमट भिंतीच्या टोकाला अस्साच टेकतो ना?" मी म्हणालो, "केसाचाही फरक नाही."

मग मबरूक आला. चित्रावर नजर पडताच कॉफी तशीच ठेवली आणि मला दंडाला धरून बाहेर नेलं. तो हळू बोलला. (तो ओरडतो तेव्हा भीती नसते.) "दीपगृह कुठल्या कबरीमागे आलं, घुमट भिंतीला कुठे टेकला, की नाव थांबवायची, हे माझ्या बापाने माझ्या लग्नाच्या दिवशी माझ्या कानात सांगितलं. माझ्या पोराला मी अजून सांगितलेलं नाही. तू कॅफेत खिळ्याला टांगलंस." दादा, किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून मासळीची जागा शोधतात, हे महदियात कोणाला ठाऊक नाही? पण रंगवताना माझ्या डोक्यात फक्त रंग होते. "माझ्या नावेत पुन्हा पाय ठेवायचा नाही," तो म्हणाला. माझे हात तिथेच, रस्त्यात, पुन्हा थरथरू लागले.

दुसऱ्या सकाळी बंदरातल्या सगळ्या नावा घाईने निघाल्या. आम्ही दोघं कबरस्तानाच्या कठड्यावर बसून पाहत होतो. मबरूकच्या बापाची कबर पाठीशीच होती. मागे वळायची दोघांचीही हिंमत नव्हती. नावा एकमेकींना ढकलत थांबल्या. जाळी पडली. मबरूक उभा राहिला.

"तिथे कशाला थांबले? तिथे खाली नुसते खडक आहेत."

मी चपलेतली वाळू झटकू लागलो.

"हम्मादी, घुमट हलवलास?"

"बोटभर," मी म्हणालो. "दर्ग्यापुढच्या खजुरीमागे अर्धा झाकला जात होता. बरा दिसत नव्हता."

तोवर जाळी खडकांत अडकली होती आणि शिव्या पाण्यावरून स्पष्ट ऐकू येत होत्या. त्यांत माझं नाव होतं. मबरूक इतका हसला की त्याला बापाच्या कबरीचा आधार घ्यावा लागला. नावेत माझी जागा मला परत मिळाली, पण एका अटीवर: यापुढे घुमट नेहमी चुकीच्या जागी काढायचा आणि प्रत्येक चित्र लमीनकडे टांगायचं. बंदरावर फाटकी जाळी शिवणारे आता माझा सलाम घेत नाहीत. एकजण एवढंच म्हणाला, "काका, तुमचा केस फार जाड निघाला."

तर असं सगळं मार्गी लागलं आहे. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
हम्मादी

ता. क. मार्गी लागलेलं नाही. खोटा घुमट काढायला बसलो की हात थरथरतात. म्हणून सलूहाच्या कोठीत दार लावून एकदा खरा काढला, जागच्या जागी, अर्धा खजुरीमागे. हात जराही हलला नाही. (आणि तो तसाच बरा दिसतो.) मबरूकला कळलं तर तो आता हसणार नाही. चित्र जाळायला बंबाजवळ नेलं होतं, जमलं नाही. घोंगडीत तेच आहे. काइरवानला ना समुद्र, ना कोळी. तुमच्या बैठकीत लावा. कोणी विचारलं तर सूसचा किनारा म्हणा.

आणखी एक. सलूहा आत्ताच सांगते आहे की तुमच्या धाकट्या जावयाने इथून जवळच, मोनस्तीरला, मासेमारीची नाव विकत घेतली. टॅक्सीवाला खाली भोंगा वाजवतो आहे, घोंगडी टपावर बांधून झाली. ईदला जावई आले की चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा. त्यांनी पाहिलंच, तर हात जोडून सांगतो, म्हणा की हम्मादीला घुमट कधीच नीट काढता आला नाही.