तीस वर्षे सांभाळलेला बांध

रेणापूर, मंगळवार

साडूबुवा दयानंदराव यांना अण्णारावचा रामराम.

पोळ्याला लिहायचं पत्र दिवाळीच्या तोंडावर लिहितो आहे, राग धरू नये. (फोन केला असता, पण आमची ही, केवळा, कान देऊन बसते.) हिमायतनगरला सगळे खुशाल असतील. तुमचा गुडघा कसा आहे? माझं बीपी मात्र विरूपाक्ष गुरुजींमुळे वाढलं आहे.

भागवत आणि संगप्पाच्या बांधाचा वाद तुम्हाला ठाऊक आहे. तीस वर्षे मी तो सांभाळला. कुऱ्हाडी निघू दिल्या नाहीत आणि वाद मिटूही दिला नाही. आज भागवतकडे चहा, तर उद्या संगप्पाकडे; साखरसुद्धा सारखी. याला अक्कल लागते. आणि हे गुरुजी, पेन्शनीत निघून गावात येऊन वर्षही झालं नाही, एका सकाळी दोरी घेऊन शेतात हजर! मी धापा टाकत पोचलो, तर भागवत म्हणतो, "काका, तुमी सावलीला बसा. गुरुजी बघून राहिले."

विहिरीपासून बाभळीपर्यंत जुन्या हद्दीने दोरी ताणली, तर हद्दीचा दगड दोन हात संगप्पाच्या रानात निघाला. (पहिल्या बैठकीला मीच तो बसायला लिंबाखाली नेला होता आणि उठल्यावर अंदाजाने परत ठेवला. तेव्हा भांडण फक्त शेळीचं होतं.) "ह्यो कुणी हलवला?" गुरुजींनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी ढगांकडे.

संगप्पा म्हणाला, "अण्णाराव, तीस वर्षं आमी एकमेकाच्या घरच्या लग्नाला गेलो न्हाई की हो!" आणि दोघे गळ्यात पडले. नारळ गुरुजींच्या हातून फुटला, फेटाही त्यांनाच. मला खोबऱ्याचा तुकडा मिळाला, तोही खवट. तेव्हापासून माझ्याकडे कुणी भांडण आणत नाही. काल शेजारच्या मनिषाचं आणि तिच्या सासूचं जुंपलं. मी चप्पल शोधेपर्यंत दोघी गुरुजींच्या ओट्यावर!

आपला,
अण्णाराव

ता. क. केवळा म्हणते, "तुमाला गुरुजींचं लई जळतंय." साफ खोटं आहे. फेटा पोपटी होता, मला शोभलाही नसता.

आणखी ता. क. तुमचं आणि धाकट्या भावाचं हद्दीवरून बिनसल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. मी येईपर्यंत एकमेकांशी गोड बोलू नका, फराळाला तर मुळीच जाऊ नका. गुरुजींची लेक माहूरला दिलेली आहे, तुमच्यापासून लांब नाही. त्यांच्या कानावर जाण्याआधी मला बोलावणं धाडा. उत्तर लगेच टाका. मी पिशवी भरून बसलो आहे.