दूध उतू घालायचं राहिलं ते वर्ष

आई, बोरिवलीच्या खोलीची किल्ली तू घेऊन आलीस त्या दिवसाबद्दल तुला काहीतरी सांगायचं राहिलंय.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. बाबा निघून गेल्यापासून आपण जोगेश्वरीला मामाच्या दोन खोल्यांत. आपलं अंथरूण स्वयंपाकघरात, ट्रंक ओट्याखाली. मामी वाईट नव्हती. घर तिचं होतं, एवढंच. कंपनीतून दमून आलीस तरी तू न सांगता भांड्यांना बसायचीस. चहात साखर घालतानाही विचारायचीस, "वहिनी, घेऊ ना?" मामी म्हणायची, "घे गो, विचारतेस काय!" दुसऱ्या दिवशी तू पुन्हा विचारायचीस. मला राग यायचा तो तुझाच.

मी चौथीत गेले आणि ती खोली मिळाली. रविवारी दाखवायला नेलंस. रिकाम्या खोलीत मधोमध उभी राहून म्हणालीस, "आपली आहे गं! इथे साखरेला कुणाला विचारायचं नाही." तुला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी म्हटलं, "मला नाही यायचं. शाळा लांब पडेल. मी मामाकडेच राहते."

तू एकटी राहायला गेलीस. नव्या घरात दूध उतू घालतात, तेही घातलं नाहीस. म्हणालीस, "तू आलीस की घालू." दर शनिवारी कामावरून परस्पर मामाकडे यायचीस आणि चपला काढायच्या आधीच विचारायचीस, "येतेस का या आठवड्यात?" मी नाही म्हणायचे. मामीनंच मला फूस लावलीय हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलं, आणि एका शनिवारी तू तिला तोंडावर म्हणालीस, "वहिनी, माझी पोर तोडलीत तुम्ही." मामी पदर तोंडाला लावून रडली. मी तिथेच पाढे लिहीत बसले होते. त्यानंतर शेवटपर्यंत तू तिच्याशी बोलली नाहीस.

चौथीनंतर शाळा बदलणारच होती, तेव्हा मी आले. दूध उतू गेलं आणि तू हसलीस. पण मला आता दिसतात त्या आधीच्या संध्याकाळी. तू कुलूप उघडतेस, स्टो पेटवतेस, एकटीपुरता भात टाकतेस. पुढे तू इतक्या लवकर गेलीस की ते एक वर्ष मला परत हवंय गं, फार हवंय.

खरं म्हणजे अडचण शाळेच्या अंतराची नव्हती. तिसरीत सहामाहीचं प्रगतिपुस्तक घ्यायला तुला रजा मिळाली नाही, म्हणून मामा आला होता. बाकावरच्या मैत्रिणीनं विचारलं, "तुझे बाबा ना?" मी हो म्हटलं. ती दोन चाळी सोडून राहायची. मी मामाच्या घरात होते तोवर माझं खोटं टिकणार होतं.

मामी आता थकलीय. परवा भेटायला गेले तर म्हणाली, "तुझ्या आईचा माझ्यावरचा राग गेला असेल काय गो?" मी "हो" म्हटलं. तुझा राग चुकीच्या माणसावर होता, एवढंसुद्धा मी तिला सांगितलं नाही.